कॉलेज फुटबॉल आणि पैशाचे तंटे: नव्याने बघणाऱ्यांसाठी वाटाड्या

अमेरिकेत शिकायला आलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींना पहिल्या महिन्यातच एक गोष्ट कळून चुकते. शनिवारी मॅच असली की निम्मे रस्ते बंद, लायब्ररी ओस, आणि एरवी गंभीर चेहऱ्याने वावरणारे प्रोफेसर विद्यापीठाच्या रंगाचा शर्ट घालून पार्किंगमध्ये शेगडी पेटवून बसलेले. खेळाचे नियम चार-पाच शनिवारांत समजतात. समजत नाहीत त्या सोमवारच्या बातम्या. अमुक क्वार्टरबॅकने (चेंडू फेकून संघाचा डाव चालवणारा मुख्य खेळाडू) हंगाम अर्ध्यावर सोडला, तमुक विद्यापीठाने दुसऱ्या विद्यापीठावर दावा ठोकला, कोणी चाळीस लाख डॉलर मागितले म्हणे. आणि एवढं होऊनही खेळाडू म्हणजे फक्त विद्यार्थीच!

हा लेख त्या सोमवारच्या बातम्या वाचता याव्यात म्हणून आहे. वाचताना एक धागा सोडू नका: खेळाडूला आता उघडपणे पैसे मिळतात, पण 'मी याला कामावर ठेवलंय' असं म्हणायला कुणी तयार नाही. जवळजवळ प्रत्येक भांडणाचं मूळ तिथे सापडतं.

पायरी १: खेळाडूंच्या आधी बाकीची मंडळी ओळखा

हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा. व्यावसायिक लीग म्हणजे एनएफएल. तिचा नियम असा की शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय कुणालाही ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, घेत नाहीत. म्हणजे अठरा वर्षांच्या गुणी पोराला मधली तीन वर्षं काढायला कॉलेजशिवाय दुसरी जागाच नाही. क्रिकेटमधल्या पोराला रणजी आहे, आयपीएल आहे, वयाची अट नाही. इथे दार एकच, आणि त्या दारावरचे नियम वर्षानुवर्षं कॉलेजांनीच मिळून लिहिले. कोर्टांना पुढे खटकलं ते नेमकं हेच.

नियम लिहिणारी संस्था एनसीएए, स्थापना 1906 ची. तिच्याखाली कॉन्फरन्स, म्हणजे कॉलेजांचे गट: एसईसी, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह, एसीसी. नवखे लोक एनसीएएला सर्वशक्तिमान समजतात. तसं नाही. 1984 मध्ये ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने टीव्ही हक्कांवरची एनसीएएची मक्तेदारी मोडली. तेव्हापासून फुटबॉलचा टीव्हीचा पैसा कॉन्फरन्सकडे जातो. वरच्या गटाची राष्ट्रीय अजिंक्यपदाची प्लेऑफ स्पर्धासुद्धा एनसीएएची नाही, कॉन्फरन्सची आहे. बिग टेनने 2022 मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा जो करार केला तो 700 कोटी डॉलरच्या वरचा असल्याचं छापून आलं होतं. याच पैशाच्या ओढीने पॅसिफिक किनाऱ्यावरची शंभर वर्षांची पॅक-12 कॉन्फरन्स 2024 मध्ये फुटली आणि तिच्यात दोनच कॉलेजं उरली. लॉस एंजेलिसचं यूसीएलए आता न्यू जर्सीच्या रटगर्सबरोबर एका गटात खेळतं. नकाशा काढून बघा, हसू येईल.

तिसरे लोक म्हणजे बूस्टर: श्रीमंत माजी विद्यार्थी आणि गावातले व्यापारी. तेलवाले, गाड्यांच्या शोरूमवाले, बांधकामवाले. यांना टीम जिंकायला हवी असते आणि त्यासाठी खिशात हात घालायची तयारी असते. पूर्वी हा पैसा पाकिटातून, रात्री, मागच्या दाराने जायचा.

पायरी २: जुना नियम माहीत करून घ्या, कारण सगळी भाषा तिथूनच आलीय

जुना नियम असा: कॉलेजने खेळाडूला फी, राहणं, जेवण, पुस्तकं द्यावीत, त्यापलीकडे दमडी नाही. खेळाडूसाठी 'विद्यार्थी-खेळाडू' हे नाव 1950 च्या दशकात एनसीएएचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांच्या काळात रूढ झालं, आणि त्याचं कारण कायदेशीर होतं. 1955 मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन मैदानावर डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. 1957 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, कारण कॉलेजचा धंदा फुटबॉलचा नाही आणि डेनिसन कर्मचारी नाही. पुढची साठ वर्षं सगळी व्यवस्था या एका नकारावर उभी राहिली.

नियम मोडला तर शिक्षा जबर असायची. बूस्टरांनी खेळाडूंना पैसे दिले म्हणून टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा 1987 चा अख्खा हंगाम रद्द झाला. रेजी बुशला मिळालेली हाइसमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा मान, 2010 मध्ये परत करावी लागली, कारण कॉलेजात असताना त्याने आणि घरच्यांनी भेटी घेतल्याचं निष्पन्न झालं. ती ट्रॉफी 2024 मध्ये त्याला परत मिळाली. ज्या गोष्टीसाठी ती काढून घेतली, ती तोवर कायदेशीर झाली होती.

या सगळ्या काळात कोचना मात्र काही बंधन नव्हतं. टेक्सास ए अँड एमने 2023 मध्ये जिम्बो फिशर यांना काढलं तेव्हा करार मोडल्याबद्दल त्यांना साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम देणं लागलं. हा माणूस काम करायचं थांबला म्हणून! खेळाडूंच्या बाजूने काही समजून घ्यायचं नसेल तरी हा एक आकडा लक्षात असू द्या.

पायरी ३: निकालांची साखळी, थोडक्यात

एड ओबॅनन हा यूसीएलएचा माजी बास्केटबॉलपटू. एका व्हिडिओ गेममध्ये त्याला स्वतःसारखाच खेळाडू दिसला: तोच नंबर, तीच अंगलट, तोच डावरा हात, पैसे मात्र शून्य. 2009 मध्ये त्याने दावा लावला. 2014 मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी एनसीएएचे निर्बंध स्पर्धाविरोधी ठरवले. विल्कन हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. 2019 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की खेळाडूला स्वतःचं नाव आणि छबी विकता यावी. इतर राज्यांनी पाठोपाठ तेच केलं, कारण कॅलिफोर्नियाची कॉलेजं आपली पोरं पळवतील ही भीती.

21 जून 2021 ला ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 9-0 असा निकाल दिला. वाद तसा छोटा होता, शिक्षणाशी निगडित लाभांवर मर्यादा घालता येते का एवढाच. पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र मतात लिहिलं की एनसीएए कायद्याच्या वर नाही. ते वाचून एनसीएएचे वकील गारठले असावेत, कारण दहाच दिवसांत, 1 जुलैला, नाव-छबीच्या कमाईवरची बंदी उठली. बातम्यांत जे 'एनआयएल' दिसतं ते हेच.

त्याच वर्षी दुसरी कडी निघाली. पूर्वी कॉलेज बदललं तर साधारण एक वर्ष बाहेर बसावं लागे. 2021 मध्ये एकदा बदलायची मोकळीक मिळाली. मग राज्य सरकारं कोर्टात गेली आणि 2024 पासून अभ्यासात पास असलात तर कितीही वेळा बदला. नाव नोंदवायची जागा म्हणजे ट्रान्सफर पोर्टल. पैसे घ्यायची मुभा आणि निघून जायची मुभा एकाच उन्हाळ्यात मिळाली, आणि दोन्हींना बांधणारा करार मात्र कुणीच लिहिला नव्हता. माझ्या मते गोंधळाचं खरं कारण लोभापेक्षा हे जास्त आहे.

शेवटची मोठी कडी हाउस खटला. ॲरिझोना स्टेटचा जलतरणपटू ग्रँट हाउस याच्या नावाने ओळखला जाणारा हा दावा 2020 मधला. 6 जून 2025 ला त्याच विल्कनबाईंनी तडजोड मंजूर केली. 2016 पासून खेळलेल्यांना दहा वर्षांत मिळून सुमारे 280 कोटी डॉलर भरपाई, आणि 1 जुलै 2025 पासून कॉलेजांना थेट खेळाडूंना पैसे द्यायची परवानगी. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक कॉलेजला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. रुपयांत साधारण 175 कोटी. तुलनेला, 2025 च्या आयपीएलमध्ये एका संघाची थैली 120 कोटींची होती. अर्थात इथली रक्कम कॉलेजच्या सगळ्या खेळांसाठी आहे, पण मोठ्या फुटबॉल कॉलेजांत तिचा तीन चतुर्थांशाच्या आसपासचा वाटा फुटबॉलला जातो.

पायरी ४: बातमीतला पैसा कुठल्या खिशातला ते शोधा

हे जमलं की निम्मं काम झालं. 'अमुक खेळाडू वीस लाखांचा' या मथळ्याला तसा काही अर्थ नसतो. खिसे चार आहेत.

पहिला शिष्यवृत्तीचा. याच्यात आता ऑल्स्टन निकालामुळे आलेली वर्षाला 5,980 डॉलरपर्यंतची अभ्यासाशी जोडलेली रक्कमही येते. यावरून भांडणं होत नाहीत.

दुसरा कॉलेजचा, वर सांगितलेल्या 2 कोटी 5 लाखांतला वाटा. हा करार खेळाडू आणि विद्यापीठ किंवा विद्यापीठाचं क्रीडा मंडळ यांच्यात. कागदावर मात्र लिहिलेलं असतं की आम्ही खेळण्याचा पगार देत नाही, तुझं नाव आणि छबी वापरायचा हक्क विकत घेतोय. म्हणजे पोराने कॉलेज सोडलं तर कॉलेजची तक्रार काय असणार? 'तुझा फोटो आम्हाला वापरता येत नाही.' कुणालाही कळतं की दुःख फोटोचं नाही.

तिसरा खिसा कलेक्टिव्हचा. 2021 नंतर बूस्टरांनी पैसे एकत्र करून काढलेल्या या संस्था. नावाला जाहिरात किंवा समाजकार्य, प्रत्यक्षात पगार. एनसीएए यावर कारवाई करायला गेली, तेव्हा टेनेसी आणि व्हर्जिनिया राज्यांच्या दाव्यात फेब्रुवारी 2024 मध्ये संघीय न्यायालयाने तिलाच मनाई केली. काही कलेक्टिव्ह आता बंद झाले, काही कॉलेजात विलीन झाले, काही कंपनीसारखे चालतात.

चौथा खिसा खऱ्या कंपनीचा: बूट, पेय, स्थानिक गाड्यांचं दुकान, व्हिडिओ गेम. ईए कंपनीने 2024 मध्ये कॉलेज फुटबॉलचा गेम परत आणला तेव्हा सहभागी होणाऱ्या खेळाडूंना 600 डॉलर आणि गेमची एक प्रत देऊ केली. ओबॅननचं भांडण ज्यावरून सुरू झालं त्याची ही किंमत.

तिसऱ्या-चौथ्या खिशातला पैसा कॉलेजच्या मर्यादेत मोजला जात नाही. म्हणून मर्यादा संपली की प्रत्येक कॉलेज बूस्टरच्या ओळखीतल्या कंपनीकडे वळतं. यावर लक्ष ठेवायला हाउस तडजोडीतून कॉलेज स्पोर्ट्स कमिशन नावाची नवी संस्था निघाली. 600 डॉलर किंवा जास्तीचा प्रत्येक बाहेरचा करार डेलॉइटने चालवलेल्या 'एनआयएल गो' यंत्रणेत नोंदवावा लागतो. करारामागे खरा व्यवसाय आहे का आणि रक्कम बाजारभावाला धरून आहे का, हे तिथे तपासतात. एकोणीस वर्षांच्या लाइनमनने गाद्यांच्या दुकानासाठी हात हलवला तर बाजारभाव काय, हे ठरवायला बसणाऱ्या हिशेबनिसांची मला मनापासून दया येते. नाकारला तर लवाद, आणि लवादानंतर बहुधा कोर्ट.

पायरी ५: चार प्रश्न घेऊन प्रत्यक्ष भांडणं वाचा

प्रश्न हे: शब्द कुणी दिला? कागदावर कुणाची सही आहे? निघून जाण्याबद्दल कागदात काय आहे? आणि तारीख कोणती?

मॅथ्यू स्लुका. सप्टेंबर 2024. लास व्हेगासच्या यूएनएलव्ही संघाचा क्वार्टरबॅक, संघ तीनही मॅच जिंकलेला. अचानक तो जाहीर करतो की दिलेला शब्द पाळला नाही, मी खेळणार नाही. त्याच्या प्रतिनिधीचं म्हणणं, एका सहायक कोचने तोंडी 1 लाख डॉलर कबूल केले होते. विद्यापीठाचं म्हणणं, असं काही ठरलंच नव्हतं, आणि ही मागणी म्हणजे नियमबाह्य पगार झाला. पहिला प्रश्न विचारला की लगेच दिसतं: शब्द ज्याने दिला असं सांगितलं जातं, त्याला पैसे द्यायचा अधिकारच नव्हता. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: कागद नाही. चौथा प्रश्न सगळ्यात बोलका. एका हंगामात चारपर्यंत मॅच खेळल्या तर ते वर्ष खेळाडूच्या पात्रतेतून, म्हणजे कॉलेजसाठी खेळायला मिळणाऱ्या ठरावीक वर्षांतून, वजा होत नाही. स्लुका तिसऱ्या मॅचनंतर थांबला. रागाच्या भरात घेतलेला निर्णय वाटतो ना? वेळापत्रक बघा. पुढच्या वर्षी तो जेम्स मॅडिसन विद्यापीठात होता. यूएनएलव्हीचं मात्र फारसं अडलं नाही, हंगाम 11 विजय आणि 3 पराभवांवर संपला.

जेडन रशाडा. इथे कागद होता, आणि तोही 1 कोटी 38 लाख 50 हजार डॉलरचा. कॅलिफोर्नियातला शाळकरी क्वार्टरबॅक, फ्लोरिडा विद्यापीठाच्या चाहत्यांच्या कलेक्टिव्हशी करार. कलेक्टिव्हने पैसे द्यायच्या आधीच करार रद्द केला. जानेवारी 2023 मध्ये विद्यापीठाने त्याला मोकळं केलं आणि तो ॲरिझोना स्टेटला गेला. मे 2024 मध्ये त्याने फ्लोरिडाचे तेव्हाचे कोच बिली नेपियर आणि एका बूस्टरवर फसवणुकीचा दावा लावला. आरोप प्रतिवादींना मान्य नाहीत. यात शिकण्यासारखं असं की सही कलेक्टिव्हची, पण पोराचं स्वप्न विद्यापीठाचं. पैसे बुडाले तेव्हा विद्यापीठ त्या कागदावर कुठेच नव्हतं.

निको यामालेआवा. टेनेसीचा क्वार्टरबॅक, संघाला प्लेऑफपर्यंत नेलेला. एप्रिल 2025 मध्ये करार वाढवून मागितल्याच्या बातम्या आल्या, एका सरावाला तो आला नाही आणि कोच जॉश ह्युपेल यांनी त्याच्याशिवाय पुढे जायचं ठरवलं. तो यूसीएलएला गेला. गंमत पुढे आहे: यूसीएलएने ज्याला आधी आणून ठेवलं होतं तो जोई अगिलार उठून टेनेसीला गेला. दोन कॉलेजांनी न ठरवता क्वार्टरबॅकची अदलाबदल केली. त्या हंगामात यूसीएलएचे 9 पराभव झाले. जास्त पैसे म्हणजे बरी जागा असं नसतं, हे यामालेआवाला आता कुणी सांगायला नको.

आता उलट दिशेची भांडणं, आणि माझ्या मते यापुढे हीच वाढणार. विस्कॉन्सिनचा खेळाडू झेवियर लुकास दोन वर्षांच्या महसूल-वाट्याच्या, म्हणजे दुसऱ्या खिशातल्या, करारावर सही करून बसला होता. कॉलेजने त्याचं नाव पोर्टलमध्ये टाकायला नकार दिला. त्याने सरळ विद्यापीठातून नाव काढून घेतलं आणि मायामीत नवीन विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतला. जून 2025 मध्ये विस्कॉन्सिनने खेळाडूवर नव्हे, मायामी विद्यापीठावर दावा लावला: आमच्या करारात ढवळाढवळ केलीत. जॉर्जियाच्या क्रीडा मंडळाने पुढची पायरी गाठली. मिझुरीला गेलेल्या डेमन विल्सन या बचावपटूकडेच 3 लाख 90 हजार डॉलर मागितले, करारातल्या भरपाईच्या कलमाच्या आधारे. त्याला प्रत्यक्षात मिळालेली रक्कम यापेक्षा बरीच कमी होती. त्याने उलटा दावा लावला. तिसरा प्रश्न इथे कामाला येतो: निघून गेल्यावर भरायची रक्कम ही खरी नुकसानभरपाई आहे की दंड? अमेरिकन करार कायद्यात पहिली चालते, दुसरा चालत नाही. पुढची काही वर्षं वकिलांचं पोट याच फरकावर भरेल.

पायरी ६: कॅलेंडर भिंतीला लावा

डिसेंबरच्या सुरुवातीला शाळकरी मुलं सह्या करतात. पोर्टलची खिडकी 2026 मध्ये एकच ठेवली, 2 ते 16 जानेवारी. वसंतातली दुसरी खिडकी बंद झाली, म्हणजे यामालेआवासारखा एप्रिलमधला तमाशा आता कठीण. कोच बदलला तर त्या संघाला वेगळी मुदत मिळते. 1 जुलैला नवीन आर्थिक वर्ष सुरू होतं आणि मर्यादा वाढते. या तारखांच्या आगेमागे जी 'नाराजी'ची बातमी येते ती बहुतेक वेळा वाटाघाटी असते. मार्चमध्ये आलेली बातमी जास्त गांभीर्याने घ्या.

पायरी ७: 'कर्मचारी' हा शब्द आला की थांबून वाचा

इथे घाई करू नका, सगळ्याची गाठ इथे आहे.

2014 मध्ये नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलपटूंनी केन कोल्टरच्या पुढाकाराने युनियनची मागणी केली. कामगार मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याने त्यांना कर्मचारी ठरवलं. मतदान झालं, पण पेट्या सील करून ठेवल्या. 2015 मध्ये राष्ट्रीय मंडळाने या प्रकरणात पडायचंच नाकारलं आणि ती मतं कधीच मोजली गेली नाहीत. अडचण अशी की ते मंडळ फक्त खासगी संस्थांसाठी आहे, आणि फुटबॉलची बहुतेक मोठी विद्यापीठं राज्यांची आहेत. डार्टमथच्या बास्केटबॉल संघाने मार्च 2024 मध्ये 13-2 मतांनी युनियन निवडली, पण वर्षअखेरीस अर्ज मागे घेतला, कारण सरकार बदलताना मंडळही बदलणार होतं. दुसरीकडे, खेळाडूंना कर्मचारी मानावं म्हणून लावलेल्या जॉन्सन खटल्यात जुलै 2024 मध्ये तिसऱ्या सर्किटच्या (न्यायविभागाच्या) अपील न्यायालयाने सांगितलं की हौशी म्हटल्याने खेळाडू कर्मचारी असण्याची शक्यता आपोआप संपत नाही.

हे महत्त्वाचं का? एनएफएलमध्येही पगाराची मर्यादा आहे आणि तिच्यावर कुणी मक्तेदारीचा दावा लावून जिंकत नाही, कारण ती मर्यादा खेळाडूंच्या युनियनने सही करून मान्य केलीय. वाटाघाटीने ठरलेल्या अटींना तिथे स्पर्धा कायद्यापासून सूट मिळते. कॉलेजांची 2 कोटी 5 लाखांची मर्यादा युनियनने मान्य केलेली नाही, कारण युनियन नाही, कारण कर्मचारी नाहीत. म्हणून तिच्यावर कुणीही, केव्हाही, कुठल्याही राज्यात कोर्टात जाऊ शकतं. कॉलेजांना मर्यादेचं संरक्षण हवंय, पण त्याची किंमत, म्हणजे खेळाडूला कर्मचारी मानणं, द्यायची नाही. त्याऐवजी ती वॉशिंग्टनला जाऊन काँग्रेसकडे सूट मागतात. जुलै 2025 मध्ये प्रतिनिधिगृहात मांडलेलं स्कोअर विधेयक हेच सांगतं: कॉलेजांना दाव्यांपासून संरक्षण द्या, आणि खेळाडू कर्मचारी नाहीत असं लिहून टाका. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी कॉलेज खेळ वाचवण्याच्या नावाने एक आदेशही काढला. आदेशाने कायदा बदलत नाही, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

पायरी ८: मैदानावर काय बदललं ते बघा

आता संघात जनरल मॅनेजर असतो. स्टॅनफर्डने 2024 मध्ये हे काम आपल्याच जुन्या क्वार्टरबॅकला, अँड्र्यू लकला दिलं. खेळाडूंचं वय वाढलंय, कारण पैसे असताना कॉलेज सोडायची घाई कुणाला? व्हँडरबिल्टच्या डिएगो पॅव्हियाने डिसेंबर 2024 मध्ये कोर्टातून आदेश आणला की ज्युनियर कॉलेजातली (तिथलं दोन वर्षांचं कॉलेज, आपली अकरावी-बारावी नव्हे) त्याची वर्षं पात्रतेत मोजू नका, आणि तशा अर्जांची रांग लागली.

चांगलं काय झालं म्हणाल तर इंडियाना. दशकानुदशकं हरण्यासाठी प्रसिद्ध असलेलं हे विद्यापीठ. कोच कर्ट सिग्नेटी यांनी पोर्टलमधून संघ बांधला, कॅलिफोर्नियाहून आलेल्या फर्नांडो मेंडोझाने हाइसमन जिंकली आणि जानेवारी 2026 मध्ये मायामीला 27-21 हरवून इंडियाना राष्ट्रीय विजेतं झालं, एकही मॅच न हरता. जुन्या व्यवस्थेत हे स्वप्नातही आलं नसतं. पैशाने खेळ नासला म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

बिल मात्र दुसऱ्यांच्या नावावर फाटतं. फुटबॉल संघाची कमाल संख्या 105 झाली आणि शिष्यवृत्तीशिवाय, निव्वळ हौसेने सरावाला येणाऱ्या पोरांच्या जागा गेल्या. या पोरांसाठी विल्कनबाईंनी एप्रिल 2025 मध्ये मंजुरी अडवून धरली होती, म्हणून आधीपासून असलेल्यांना थोडी सवलत मिळाली. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉलीने 2025 मध्ये पोहण्याचा विभागच बंद केला. अमेरिकेची ऑलिंपिक पदकं मोठ्या प्रमाणात याच कॉलेज तलावांतून येतात. भरपाईच्या रकमेतला सिंहाचा वाटा पुरुष फुटबॉल आणि बास्केटबॉलला जातो म्हणून काही महिला खेळाडूंनी अपील केलं, आणि थकबाकीचं वाटप त्यात अडकलं. प्रेक्षकही सुटला नाही: टेनेसीने 2025 च्या सीझन तिकिटांवर 10 टक्के 'टॅलेंट फी' लावली.

पायरी ९: प्रश्न आपल्या घरात आला तर

विद्यार्थी असाल तर आधी फीची पावती ओळीओळीने वाचा. बऱ्याच विद्यापीठांत क्रीडा शुल्क वेगळं आकारतात. ते भरताय तर विद्यार्थ्यांना मॅचचं तिकीट फुकट किंवा स्वस्त मिळतं का ते विचारा. कित्येकांना दुसऱ्या वर्षापर्यंत पत्ताच नसतो.

तुम्ही स्वतः खेळत असाल आणि एफ-1 व्हिसावर असाल, टेनिस असो, पोहणं असो, तर इन्स्टाग्रामवर आलेली जाहिरातीची ऑफर लगेच स्वीकारू नका. सहखेळाडू घेतो म्हणून तुम्हाला चालेल असं नाही. या व्हिसावर कामाची परवानगी फार मर्यादित आहे आणि एनआयएलच्या कमाईसाठी सरकारने मोकळा रस्ता आखून दिलेला नाही. कॉलेज फुटबॉलमध्ये पंट मारणारे, म्हणजे लाथेने चेंडू लांब धाडणारे, कितीतरी जण ऑस्ट्रेलियाचे आहेत, त्यांचीही हीच पंचाईत. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या. कोचला विचारू नका, व्हिसा त्याचा जाणार नाही.

अमेरिकेत वाढलेलं तुमचं मूल शाळेच्या संघात चमकत असेल तर नियम राज्यागणिक वेगळे आहेत, राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेकडून ते तपासा. करार पुढे आला की तीन गोष्टी आधी बघा: सही करणारी संस्था कोणती, दुखापत झाली तर हप्ते चालू राहतात का, आणि कॉलेज बदललं तर किती परत करावं लागेल. एजंटचा हिस्सा किती टक्के आणि किती वर्षं, तेही. काही करार कॉलेज संपल्यावरच्या कमाईवरही हक्क सांगतात, ते तर मुळीच नको. ही कमाई बहुधा स्वतंत्र व्यावसायिकाची धरली जाते, म्हणजे कर आधी कापून येत नाही. आलेल्या रकमेतला एक भाग बाजूला ठेवून तिमाही कर भरावा लागतो, नाहीतर एप्रिलमध्ये घाम फुटतो. काकांच्या ओळखीतला वकील नको, खेळांचे करार करणारा, त्याच राज्यातला वकील बघा. तासाला चार-पाचशे डॉलर घेईल. द्या.